चाळीस घुबडं

सुताराच्या हातात बळ भरपूर होतं आणि डोक्यात धीर औषधालाही नव्हता. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याच्या बायकोला तर ते मनगटात दोन ठिकाणी माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी जेवायला उशीर झाला म्हणून, म्हणजे खरं तर कशासाठीच नाही, त्याने तिचा हात पिरगाळला आणि तो कडकन मोडला. तेव्हा त्यांची सहा वर्षांची मुलगी टेबलाखाली बसली होती. तिने सगळं पाहिलं. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. माणूस त्या संध्याकाळी जनावर झाला होता आणि त्याची बाजू घ्यायला ही गोष्ट सांगत नाही.

बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली ती गेलीच. पुढे कोर्टात चकरा झाल्या, रडारड झाली. शेवटी तिथल्या समुपदेशक बाईंनी एक मार्ग काढला. वर्षभर दर रविवारी सकाळपासून दुपारी दोनपर्यंत मुलगी बापाकडे राहील. या वर्षात त्याने कुणावरही, अगदी रस्त्यावरच्या माणसावरही, हात उचलल्याची एक तक्रार आली तरी रविवार बंद, कायमचे. आणि वर्ष धड पार पडलं तर आठवड्याचे दोन दिवस मुलगी त्याच्याकडे मुक्कामाला. सुताराने कागद दोनदा वाचला, सही केली आणि बाहेर येऊन जिन्यातच बसला. 

मुलीचं घरातलं नाव भिंगरी. पहिल्या रविवारी भिंगरी आणि बाप समोरासमोर बसून राहिले, दात काढायला आलेले दोन पेशंट बसावेत तसे. खेळायला काही नाही, बोलायला त्याहून नाही. मग भिंगरीच म्हणाली, की वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाला काडीवरचा केक होता, गोल, वरून चॉकलेट आणि त्याला डोळे. "तुला येतो का करायला?"

"त्यात काय," सुतार म्हणाला. त्याला अंडं उकडायलाही येत नव्हतं.

पण सुतारच तो. एकदा हातात घेतलेली वस्तू वाकडी राहिलेली त्याला खपत नसे. मोबाइलवर बघून बघून त्याने केक पॉप शिकून घेतले. गोळे वजनकाट्यावर तोलून तीस तीस ग्रॅमचे केले. काडी आधी वितळलेल्या चॉकलेटात बुडवून मग गोळ्यात खोचायची, म्हणजे गोंद लावल्यासारखी घट्ट बसते, हे त्याला पटकन कळलं. गोळे फार गार असले की वरचं चॉकलेट तडकतं, हे कळायला मात्र तीन रविवार गेले. काड्या उभ्या राहाव्यात म्हणून त्याने सागाची दोन बोटं जाड फळी घेतली, ओळीत चाळीस भोकं पाडली आणि कडा घासून गुळगुळीत केल्या. चार महिन्यांत भिंगरीच्या वर्गातल्या आया वाढदिवस आला की त्याच्याकडेच केक पॉप सांगायला लागल्या. दारात उभ्या राहून, आत न येता सांगायच्या, पण सांगायच्या.

या कामातला सुताराला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे पहिला. केक पॉप करायचा तर आधी चांगला भाजलेला, फुगलेला, देखणा केक हाताने कुस्करून त्याचा पार भुगा करावा लागतो. मोडतोड करायची आणि कुणी ओरडायचंही नाही! आठवडाभर जे जे डोक्यात गेलेलं असे, ते तो त्या परातीत काढायचा. आणि इथेच त्याने ती चूक केली, जी त्याच्यासारख्या माणसालाच सुचावी. त्याला वाटलं, आपल्याला एवढं हलकं वाटतं, तर पोरीलाही वाटेल. त्याने तिला खेळ शिकवला. ज्याचा राग आला असेल त्याचं नाव घ्यायचं आणि मूठ आवळायची. संपला राग.

"गणिताच्या बाई," म्हणत भिंगरी कुस्करायची. "माझी वेणी कापणारा तो." पुन्हा एक मूठ. सुतार खूश. रागाला आपण वाट काढून दिली, असं त्याला वाटे. अहो, वाट काढून दिली तर राग त्या वाटेने चालणारच, पण हे त्याला तेव्हा कोण सांगणार.

असे अकरा महिने गेले. या अकरा महिन्यांत एका गिऱ्हाइकाने त्याला चोर म्हटलं, तो गप्प बसला. बसमध्ये एकाने कॉलर धरली, तो पुढच्या थांब्यावर उतरून चालत गेला. हात शिवशिवायचे, पण तो ते खिशात कोंबायचा. आता तीनच रविवार उरले होते.

त्यातला हा रविवार म्हणजे भिंगरीचा आठवा वाढदिवस. पार्टी चार वाजता, मामाच्या घरी. मुलं चाळीस. भिंगरीने आधीच ठणकावून ठेवलं होतं, की केक पॉप तिच्या बाबाचेच आणि तेही घुबडांचे.

"वाढदिवसाला घुबडं?" शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला होता. "दुसरं काही सुचलं नाही का बयो तुला? ससे कर, बदकं कर."

"घुबडांचे डोळे मोठे असतात, काकू. त्यांना सगळं दिसतं," भिंगरी म्हणाली.  काकूंनी आपल्या फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून दिला, कारण सुताराचा फ्रिज खुर्चीएवढाच होता आणि चाळीस गोळे त्यात मावत नव्हते.

सकाळी परातीत केक कुस्करताना भिंगरी दातओठ खाऊन म्हणाली, "मामा."

"मामा का?"

"तो रोज जेवताना म्हणतो, तुझा बाप मारकुटा आहे, बघच, एक दिवस पुन्हा मारेल. मी उठून गेले तरी म्हणतो." आणि तिने मूठ अशी आवळली, की बोटांच्या फटींतून भुगा बाहेर आला. सुताराला हसू आलं. नको यायला होतं.

दीड वाजेपर्यंत चोवीस घुबडं फळीवर ओळीने उभी राहिली. पोटावर चॉकलेटचे खवले, पांढऱ्या साखरेच्या चकत्यांचे डोळे, त्यात काळा ठिपका, काजूच्या तुकड्याची चोच. काही घुबडं तिरळी झाली होती आणि भिंगरीला तीच जास्त आवडली होती. उरलेले सोळा गोळे काकूंच्या फ्रिजमध्ये होते. ते आणायला ती ताट घेऊन पळाली. काकू तिला लगेच सोडणार नव्हत्या, त्यांनी तिच्यासाठी काहीतरी कागदात गुंडाळून ठेवलं होतं.

तेवढ्यात मामा आला. अर्धा तास आधी.

हा मामा रुग्णवाहिका चालवायचा. उंच, रुंद, मानेला बैलाची ताकद. बहीण खाली गाडीत बसून होती. ती या घराचा जिना कधीच चढत नसे. मामाने आत येऊन दार नुसतं लोटलं आणि स्वयंपाकघरात येऊन फळीसमोर उभा राहिला.

"काय भाऊजी, झाली का घुबडं?"

"सोळा राहिलीत," सुतार मान वर न करता म्हणाला. तो चॉकलेटच्या भांड्याखालचा गॅस बारीक करत होता. "बसा. पाणी देऊ?"

"बसायला नाही आलो." मामाने एक घुबड काडीसकट उचललं, डोळ्यांसमोर धरलं, आणि अंगठ्याने त्याचं तोंड आत दाबलं. "अरेरे. मोडलं की हो."

सुताराने गॅस बंद केला.

मामाने दुसरं उचललं आणि जमिनीवर टाकून बुटाने चिरडलं. मग तिसरं. मग एका फटक्यात अर्धी ओळ. तिरळी घुबडं फरशीवर गडगडत गेली आणि एक फ्रिजखाली जाऊन पडलं.

"राग नाही आला?"

"तिने सकाळपासून उभं राहून डोळे लावलेत," सुतार म्हणाला.  "माझ्यावर राग आहे ना, मला बोला. तिच्या वस्तूंना हात नका लावू."

"तीन रविवार राहिले," मामा म्हणाला. "मग पोरगी इथे झोपायला येणार. याच घरात. त्या दिवशी माझ्या बहिणीला मी माझ्याच गाडीत घातलं, ठाऊक आहे ना? हात मनगटापासून लोंबत होता. आणि ती मला काय सांगत होती? पोरीसमोर त्यांना वाईट बोलू नकोस, म्हणे. तुझ्याबद्दल! त्या दिवसापासून मी धड झोपलेलो नाही. त्या कोर्टातल्या बाईंना वाटतं तू सुधारलास. मला नाही वाटत. मला फक्त एकदा दाखव. एकच थप्पड मार मला. चल."

आता मामा चुकीचं बोलत होता असं कोण म्हणेल? सुतारालाही म्हणता येईना. "मी नाही मारणार," एवढंच तो बोलला.

मामाने त्याच्या कानाखाली वाजवली. अशी, की सुताराचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं आणि आतल्या बाटल्या खणखणल्या. पाठोपाठ नाकावर ठोसा बसला. हाड मोडल्याचा आवाज सुताराने आतून ऐकला. गरम रक्त ओठांवरून हनुवटीवर आलं आणि टपटप चॉकलेटच्या भांड्यात पडायला लागलं.

"मार!"

सुताराने दोन्ही हात काखेत घालून घट्ट दाबून धरले. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मामाची मान त्याच्या समोर होती, आणि कुठला सांधा कुठून निखळतो हे सुताराला लाकडाइतकंच माणसाचंही कळत होतं. एकच घाव पुरला असता. त्याला तो घाव घालायचा होता, तहानलेल्याला पाणी हवं असतं तसा हवा होता, आणि हे त्याने स्वतःपासूनही लपवलं नाही. पण तो हात काखेतच दाबून उभा राहिला.

पोटात गुडघा बसला तसा तो खाली कोसळला. मामा आता भान सोडून लाथा घालत होता. बरगडीत, मांडीत, पुन्हा बरगडीत. प्रत्येक लाथेबरोबर तो हुंदका दिल्यासारखा आवाज काढत होता, जणू मार त्यालाच बसत होता. सुतार फरशीवर वेटोळं करून पडला होता. त्याच्या गालाखाली भुगा चिकटला होता.

"पोरगी येईल," तो कसाबसा म्हणाला. "तिच्यासमोर नको."

"तू केलंस की तिच्यासमोर!" मामा वाकून त्याच्या तोंडावर ओरडला.

आणि दारात भिंगरी उभी होती. हातात सोळा गोळ्यांचं ताट.

ती किंचाळली नाही. तिने ताट नीट कट्ट्यावर ठेवलं, कडेला नको म्हणून थोडं आत सरकवलं. मग तिने टेबलावरची सागाची फळी दोन्ही हातांनी ओढली. उरलेली घुबडं काड्यांसकट पटापट खाली पडली. मामाची पाठ तिच्याकडे होती आणि वाकल्यामुळे डोकं तिच्या टप्प्यात आलं होतं.

"मामा," असं म्हणून तिने फळी त्याच्या डोक्यात घातली.

जाड लाकूड आणि माणसाचं डोकं. तो आवाज सुताराने आयुष्यभर लाकडात काम करूनही कधी ऐकला नव्हता. मामा गुडघ्यावर आला. "मामा," ती पुन्हा म्हणाली आणि फळीची कड त्याच्या कानावर बसली. कान फाटला. मामा आडवा झाला, आणि तिने तिसऱ्यांदा "मामा" म्हणून त्याच्या तोंडावर घातली तेव्हा दातांचा चुरा उडाला. चौथ्यासाठी तिने फळी पार डोक्यावर उचलली.

मोडक्या बरगड्या घेऊन सुतार सरपटत गेला आणि त्याने तिला मागून मिठी मारली. फळी सोडेना ती. एक एक बोट सोडवावं लागलं. पोरीच्या बोटांत एवढी ताकद असते?

तिने मान वळवून बापाकडे पाहिलं. चेहरा लालबुंद, डोळे चमकत होते. तिला धाप लागली होती, पण ती घाबरलेली अजिबात नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "जोरात मारलं ना मी?"

 नऊ वर्षांचा असताना सुताराने शेजारच्या पोराचे दोन दात पाडले होते आणि धावत जाऊन आपल्या बापाला हेच विचारलं होतं. बाप हसला होता, पाठ थोपटली होती, चारचौघांत सांगत सुटला होता, "कार्ट्याचा हात बघा, माझ्यावर गेलाय!" बस्स. त्या दिवसापासून त्याला दुसरं नावच उरलं नाही. शाळेत पोरं दोन पावलं लांब बसायला लागली. शिक्षक आधीच छडी घेऊन यायचे. काही फुटलं, कुणी रडलं, की सगळ्यांच्या माना त्याच्याकडे. सगळ्यांनी मिळून त्याला मारकुटा म्हटलं आणि तो मारकुटा होत गेला. हात त्याचाच होता, तो कुणी उसना दिला नव्हता, हे खरं. पण त्या दिवशी बाप हसला नसता तर?

"नाही," तो म्हणाला. "वाईट मारलंस. फार वाईट." तिचा चेहरा एकदम उतरला.

जिन्यात पावलं वाजली. आरडाओरडा खालपर्यंत गेला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच भिंगरीची आई तो जिना चढली आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकली. तिने पाहिलं, भाऊ रक्तात पडलाय, फरशीभर डोळेच डोळे सांडलेत, आणि नवरा गुडघ्यांवर बसलाय. हातात फळी. फळीला रक्त आणि केस.

मामा शुद्धीवर येत होता. मागून कुणी मारलं हे त्याने पाहिलेलंच नव्हतं, पहिल्याच घावाला त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. त्याने तोंडातला तुकडा थुंकला आणि हसायचा प्रयत्न केला. "मारलं," तो बोबड्या आवाजात म्हणाला. "ताई, मारलंच बघ याने. मी म्हणत नव्हतो?"

"मी मारलं," भिंगरी म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भावाच्या डोक्याला ओढणी दाबून धरत होती, एकाच हाताने. दुसऱ्या हातात अजून जोर नव्हता.

"आई, मी मारलं! मामा बाबाला लाथा मारत होता. बाबा नुसता पडून होता. मी फळीने मारलं, तीनदा!"

आता आई वळली. मुलीकडे नाही, नवऱ्याकडे. तिच्या डोळ्यांत राग कमी होता. थकवा जास्त होता. या अकरा महिन्यांत तिलाही कुठेतरी आशा वाटायला लागली होती, हे सुताराला त्या क्षणी कळलं. कळून उपयोग काय.

"हे शिकवलंत तिला?" ती म्हणाली. "तुमच्यासाठी खोटं बोलायला?"

एक वाक्य पुरलं असतं. नाक मोडलेलं होतं, बरगड्यांवर बुटांचे ठसे होते. सुताराच्या हाताला एक ओरखडा नव्हता, उलट ठोसा मारून मामाचीच बोटं सुजली होती. समुपदेशक बाईंनी पाच मिनिटांत सगळं ओळखलं असतं. तीन रविवार, मग दोन दिवस मुक्काम. तिच्यासाठी त्याने खिडकीखाली पलंगही करायला घेतला होता. पण मग बाईंनी त्यांच्या कागदावर दुसरं काहीतरी लिहिलं असतं. आठ वर्षांच्या मुलीने मामाचं डोकं फोडलं. शाळेत गेलं असतं, गल्लीत गेलं असतं. चाळीस मुलं चार वाजता पार्टीला येणार होती, त्यांच्या आयांनी पुढच्या वाढदिवसाला विचार केला असता, हिला बोलवायचं का. बापावर गेलीय, म्हणाले असते.

"मी मारलं," सुतार म्हणाला. "माझं डोकं फिरलं. ती मध्ये आली, घाबरलीय, म्हणून असं बोलतेय."

भिंगरीने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की लाथा परवडल्या.

"खोटं!" ती ओरडली. "बाबा खोटं बोलतोय! तो खोटारडा आहे! मी मारलंय, मी!" तिने त्याच्या छातीवर मुठी आपटायला सुरुवात केली. मोडक्या बरगड्यांवर त्या बसत होत्या आणि तो हात खाली सोडून खात होता. आईने तिला कमरेतून उचललं. ती हातपाय झाडत, दाराची चौकट धरत, सुटत, पुन्हा कठडा धरत गेली. मामा भिंतीला धरून तिच्या मागे गेला. गाडी स्वतःच चालवतो म्हणाला, आणि आईने किल्ली त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

जिन्यात सगळी दारं उघडली होती. भिंगरी प्रत्येक मजल्यावर प्रत्येक दाराला सांगत होती. "मी मारलं! बाबाने नाही! मी मारलं!"

"लेकरू बिचारं," काकू डोळ्यांना पदर लावून समोरच्या बाईंना म्हणाल्या. "बापाला वाचवायला बघतंय हो. आत्ता माझ्याकडे हसत बसलं होतं."

समोरच्या बाईंनी मान हलवली. खालच्या मजल्यावर आणखी कुणीतरी चुकचुकलं. सुतार फळी हातात घेऊन तसाच बसला होता. पोरीचा आवाज मजल्यामजल्याने खाली जात होता, बसत चालला होता, तरी तेच ओरडत होता. ठेवू नका विश्वास, तो मनात म्हणत राहिला, पाया पडतो तुमच्या, ठेवू नका. आणि कुणीच ठेवला नाही.